कधीही बंद न पडणारा डबा

रेवा आणि निमिष,

आश्विन लागला की डोंबिवलीत उकाडा परत येतो. पावसाने चार महिने दाबून ठेवलेली धूळ मोकळी सुटते. खिडकीच्या गजावर बोट फिरवलं तर गिरणीतून आल्यासारखं बोट पांढरं होतं. संध्याकाळी वारा फिरला की एमआयडीसीच्या बाजूने औषधाच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा वास येतो. बाजारात झेंडूचे ढीग लागतात, पलीकडच्या सोसायटीत गरब्याचे स्पीकर तपासणारा मुलगा दुपारभर ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत राहतो. तुम्ही या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणाल. इथेही सगळे तेच म्हणतात.

या उकाड्यात मला एक लहान काळा डबा आठवतो. आठवतो म्हणण्यात अर्थ नाही, तो माझ्यासमोरच आहे, टीव्हीच्या वरच्या फळीवर, आणि त्याचा हिरवा दिवा या क्षणीही लुकलुकतो आहे. पण तो तिथे कसा आला आणि कशासाठी आला, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनी गेल्या वर्षी शेवटचं जे मोठं काम केलं ते हे. म्हणून नीट सांगते.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुमचा बाबा एकटाच आला होता. ठाण्याच्या डॉक्टरांनी आजोबांच्या विसरण्याला नुकतंच नाव दिलं होतं. त्याआधी आजोबा एकदा दूध तापत ठेवून भाजीला गेले होते, आणि एकदा खालच्या मजल्यावर म्हात्र्यांच्या दाराला आपली किल्ली लावून लावून घामाघूम झाले होते. बाबाने हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीच्या दाराशी कॅमेरे बसवले. तिकडे परदेशात बसून त्याला आम्ही दिसणार होतो. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला,

“आई, हे कॅमेरे चालू राहिले पाहिजेत. लाइन सारखी जायला लागली तर मी तिकडे बसून काय बघणार? मग दुसरी सोय बघावी लागेल.”

दुसरी सोय म्हणजे शहाडजवळची, उल्हास नदीच्या अंगाला असलेली एक संस्था. विसरणाऱ्या माणसांना ती ठेवून घेते. बाबा ती बघून आला होता.

आजोबांनी ताटातून मान वर केली नाही. “म्हणजे मी या घरात राहायचं की नाही, हे इंटरनेट ठरवणार.”

“तसं नाही हो बाबा.”

“तसंच आहे. माझी तक्रार नाही. अट स्पष्ट असली की काम सोपं होतं. आमटी वाढ गं.”

आजोबांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आमचं लग्न झालं तेव्हा फोन मिळायला माणसं वर्षानुवर्षं थांबत आणि एखाद्या रात्री एक्स्चेंज बंद पडलं तर अख्खं गाव मुकं होई. ‘बंद पडणे’ हा शब्द ते आजाराच्या नावासारखा उच्चारत. बाबाला विमानतळावर सोडून आलो, त्याच संध्याकाळी त्यांनी इंटरनेटवाल्याने दिलेला पांढरा डबा भिंतीवरून उतरवला, उलटा केला, त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “याला ताप आहे.”

खरंच होता. उन्हं वाढली की तो डबा गुदमरायचा. बाबाचा फोन यायचा, “आई, दिसत नाही आहात.” मग मी स्टुलावर चढून त्याचं बटण बंद करून पुन्हा चालू करायची. आम्ही पडलो तर कळावं म्हणून कॅमेरे लावले होते, आणि त्या कॅमेऱ्यांसाठी मी, या गुडघ्यांनी, स्टुलावर चढत होते.

दुसरीही एक गोष्ट आजोबांनी शोधून काढली. ते स्वस्तातले कॅमेरे बाबाशी बोलत होतेच, पण आणखीही कुठे कुठे बोलत होते. परक्या देशातल्या, कोणाच्या तरी यंत्रांशी. का, ते कळायला मार्ग नव्हता.

“माझी बायको भाजी चिरताना कोणकोणत्या देशांत दिसते, हे मला माहीत असायला हवं,” ते म्हणाले.

“बघेनात का. दुधी चिरताना कोण बघत बसणार आहे मला?”

“मी बघतो ना.”

असं ते क्वचित बोलत. मी विषय बदलला.

तर म्हणून त्यांनी ठरवलं की आपला राउटर आपण बांधायचा. घरातल्या यंत्रांचं बाहेरच्या जगाशी जे काही बोलणं होतं ते सगळं एका डब्यातून जातं. तो डबा विश्वासाचा असला तर कोण आत येतं, कोण बाहेर जातं, हे आपण ठरवू शकतो. त्याला फायरवॉल म्हणतात हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. आमच्या सोसायटीचा वॉचमन कोणाला काही विचारत नाही. हा डबा सगळ्यांना विचारतो.

मला यंत्रांतलं काही कळत नसे. मी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं लावत बसले. तरी आज तुम्ही विचाराल तर राउटरसाठी यंत्र कसं निवडावं हे मी तुम्हाला न अडखळता सांगू शकते. कारण साधं आहे. आजोबा मला रोज संध्याकाळी ते पहिल्यांदा सांगत असल्यासारखं सांगत. काल सांगितलेलं त्यांना आठवत नसे. विषय मात्र आठवे, त्यातलं शास्त्र आठवे. रोज तोच उत्साह, तोच थांबा, तोच प्रश्न, “मग मी काय विचार केला असेल, सांग?” मी रोज म्हणायची, “काय हो?” अख्खा पावसाळा आमचा असा गेला. बाहेर गटारं भरून वाहत होती आणि आत ते मला विजेच्या अडॅप्टरबद्दल सांगत होते.

पहिल्यांदा त्यांनी माळ्यावरून बाबाचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर काढायला लावला. त्यात नेटवर्कचं एक जादा कार्ड बसवलं की राउटर तयार होतो. तो चालला. पण पंखा घरघरायचा आणि आठवड्याभरात त्यावर धुळीची करडी लोकर जमली. “ज्यात काही फिरतं ते आधी मरतं,” आजोबा म्हणाले. “पंखा मेला की बाकीचं त्याच्यामागून जातं. आपल्याला न फिरणारं हवं.”

मग पत्त्याच्या पानाएवढं एक छोटं यंत्र आणलं. गोड दिसत होतं. पण त्याचा सगळा मेंदू नखाएवढ्या मेमरी कार्डावर. त्यावर सारखं लिहिलं-पुसलं जातं आणि एक दिवस ते कार्ड काही न सांगता कोरं होतं. हे समजावताना आजोबा एकदा मध्येच थांबले. कार्ड बोटांत धरून बघत राहिले. मग त्यांनी ते डबीत ठेवलं आणि म्हणाले, “हे नको. हे माझ्यासारखं आहे.”

शेवटी आम्ही रिक्षा करून विठ्ठलवाडीच्या पुढे उल्हासनगरच्या बाजारात गेलो. तिथे जुन्या-नव्या विजेच्या वस्तूंची गल्लीच्या गल्ली आहे. एका दुकानात त्यांना हवा तसा डबा दिसला. पंखा नाही, सगळं अंगच ॲल्युमिनियमचं, पाठीवर कंगव्यासारखे दाते, त्यातून उष्णता निघून जाते. वायरींसाठी चार खाचा. आजोबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून दुकानातच त्याचं बूड उघडलं.

“काका, अहो काका, नया पीस आहे! वॉरंटी जाईल!”

“वॉरंटी तुझी. घरी न्यायचाय मला.”

त्यांनी आत डोकावून चिप कोणत्या कंपनीची ते वाचलं, म्हणजे मला वाचायला लावलं, कारण अक्षरं बारीक होती. मग शेजारचा दुसरा उघडायला लावला. मग तिसरा. दुकानदार सिंधी होता, बोलका. मला म्हणाला, “काकू, काका पोरगी बघायला आलेत काय? चालून दाखव म्हणतील आता.”

“चालून नाही,” आजोबा म्हणाले, “चालत राहून दाखव.”

तिसरा पसंत पडला, पण त्याच्याबरोबरचा अडॅप्टर त्यांनी काउंटरवरच ठेवला. हातात घेऊन वजन पाहिलं होतं. हलका होता. “डबे मरत नाहीत, त्यांना दूध पाजणारे मरतात,” म्हणाले आणि वेगळा, जड अडॅप्टर घेतला. दुकानदार पिशवी देताना म्हणाला, “काका, बँकेचं लॉकर बनवताय काय?” आजोबा हसले. परत येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, आपण कुठून येतोय. पिशवी मांडीवरच होती.

पुढचे महिने त्यांनी त्या डब्याचे हाल केले. भर दुपारी कपाटात कोंडला. ओट्याशेजारी ठेवून मी पोळ्या भाजत असताना तापमान बघितलं. मेन स्विच धाडकन बंद करायचे, पुन्हा लावायचे, आणि घड्याळाकडे बघत उभे राहायचे. वीज आली की डबा आपला आपण जागा झाला पाहिजे, कोणी बटण दाबायची गरज पडता कामा नये. ती सोय त्यांनी आतून करून घेतली. सूचना इंग्रजीत, मी एकेक ओळ वाचायची, ते एका बोटाने टाइप करायचे. मधली पायरी सुटली तर मी नुसतं “मागे” म्हणायची. इन्व्हर्टर लावला. एक लाइन गेली तर मोबाइलच्या दुसऱ्या लाइनवर आपोआप जाईल असं केलं. कॅमेऱ्यांना बाबाशिवाय कोणाशी बोलायची बंदी घातली.

“एवढं आपोआप कशाला?” मी एकदा विचारलं. “बटण दाबायला मी आहे की.”

“तू कधी दवाखान्यात असशील, कधी दमलेली असशील. आणि मी असून नसेन. तेव्हा याने आपल्या दोघांवर अवलंबून राहता कामा नये.”

त्यानंतर मी पुन्हा कशाला म्हणून विचारलं नाही.

श्रावण-भाद्रपदात एकदाही बाबाचा ‘दिसत नाही’ असा फोन आला नाही. विजा पडल्या, वीज गेली, रस्त्याच्या कामात कोणीतरी आमची केबल तोडली, डबा चालू. बाबा फोनवर म्हणाला, “बाबा, कमाल आहे तुमची. माझ्या ऑफिसातली लाइन याहून जास्त वेळा जाते.” शहाडचा विषय त्याने काढला नाही. आजोबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला वाटू लागलं, राहू आपण इथेच. निदान आणखी काही वर्षं.

आणि मग खंडेनवमी आली.

तुम्हाला हा दिवस माहीत नसेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात. ज्याचं जे पोटाचं साधन असेल ते पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, नैवेद्य. आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नमस्कार करून पुन्हा कामाला घ्यायचं. आजोबांच्या वडिलांची सुतारकामाची हत्यारं अशी बसत. एक्स्चेंज काही बंद ठेवता येत नसे, पण आजोबांची पक्कड, मीटर, हातातलं घड्याळसुद्धा त्या दिवशी पाटावर असे. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी सुरीने लिंबू कापलं होतं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “अगं, तिला आज सुट्टी आहे.”

त्या सकाळी आजोबा माझ्याआधी उठले होते. अंघोळ करून सोवळं नेसले. पाट मांडला, रांगोळीच्या चार रेघा स्वतः ओढल्या. पक्कड, मीटर, कात्री, माझी सुरी, माझं शिवणाचं मशीन जागेवरच. दोघांचे मोबाइल, तेही बंद करून. आणि मधोमध काळा डबा, वायरी काढून, पुसून लख्ख, माथ्यावर एक झेंडू. कितीतरी महिन्यांनी त्यांनी एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न अडता केलं होतं. मंत्र पूर्ण म्हटले. आरतीचं एकही कडवं चुकलं नाही. मी डोळे पुसले ते कापराच्या धुराने नव्हे.

बाबाला आधी कळवायला हवं, हे त्या भरात मला सुचलंच नाही. पूजा झाल्यावर आम्ही देवीला गेलो. रांग मोठी होती, ऊन मी म्हणत होतं, आणि आजोबा रांगेत पुढच्या-मागच्यांना डबा कसा निवडला ते सांगत होते. फोन घरी पाटावर.

तिकडे तेव्हा पहाट होती. बाबाच्या फोनने त्याला जागं केलं: सगळे कॅमेरे बंद. त्याने माझा फोन लावला, बंद. आजोबांचा, बंद. ज्या डब्याने वीज, केबल, पाऊस सगळं सोसलं तो डबा बंद आणि घरात दोन म्हातारी माणसं, दोघांचेही फोन बंद. तुम्हीच सांगा, त्याने काय समजायचं? त्याने ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या आजोबांच्या भाच्याला, सचिनला, फोन करून मोटारसायकलवर धाडलं. म्हात्रे वहिनींना फोन केला. त्यांनी घंटा वाजवली, दार ठोठावलं. आमच्या दाराला लॅच आहे. आतून लागलंय की बाहेरून, कळत नाही. जादा किल्ली होती ती बाबाकडे, सातासमुद्रापलीकडे.

आम्ही जिना चढून आलो तेव्हा दार उघडं होतं आणि लॅचच्या जागी फुटलेलं लाकूड होतं. आत अर्धी बिल्डिंग. म्हात्रे वहिनी मला बघून मटकन बसल्या. “अवो काकी, कुठं गेलेल्या? आमचा जीव ऱ्हायला नाय ना!”

सचिनचा शर्ट घामाने चिकटला होता. “मामा, फोन का बंद ठेवलेले? मी ठाण्याहून कसा आलेलो माझं मला माहीत! आणि हे मशीन, हे बंद कोणी केलं?”

आजोबा पाटाकडे बघत होते. गर्दीत कोणाचा तरी पाय पडून रांगोळी पुसली होती. “चपला बाहेर काढा आधी,” ते म्हणाले. “आणि मी केलं बंद. आज खंडेनवमी आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेने, जी आजारी माणसाच्या बायकोच्या वाट्याला येते.

सचिनने आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून आम्हाला बाबाला दाखवलं. बाबाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लहानपणी ताप चढायचा तेव्हाच काय तो. “बाबा, तुम्ही स्वतः बनवलंत ना ते? कधी बंद पडू नये म्हणून? मग विसरलात कसं?”

“विसरलो नाही. आज आठवलं,” आजोबा म्हणाले.

बाबा रडला. मला त्याचं रडणंही कळत होतं आणि आजोबांचं बोलणंही. गेल्या सबंध वर्षात आजोबांना इतकं लख्ख काही आठवलं नव्हतं. आणि नेमकं तेच त्यांच्या आजाराच्या खात्यात लिहिलं गेलं. मी बाबाला समजावून पाहिलं. म्हटलं, ही आपली रीत आहे, तुझ्या आजोबांपासूनची. तो म्हणाला, “आई, रीत मला माहीत आहे. पण आज ते गॅसची शेगडी पाटावर ठेवतील. उद्या तू तुझं औषध पाटावर ठेवशील. मी इतक्या लांबून काय काय ओळखू?” अट स्पष्ट होती आणि ती मोडली होती.

बाबाला दोष देऊ नका. दिसणारा माणूस एकदम दिसेनासा झाला तर काय होतं ते तो एकटा जाणतो.

दसऱ्याला आजोबांनी नमस्कार करून डब्याला वायरी जोडल्या. तो आपला आपण जागा झाला. दिवाळी झाल्यावर सचिनची गाडी आली. आजोबांनी विचारलं, “कुठे, एक्स्चेंजला?” सचिनने “हो मामा” म्हटलं. ते समाधानाने बसले.

मी आठवड्यातून दोनदा शहाडला जाते. जागा स्वच्छ आहे, बायका प्रेमाने वागतात, नदीच्या बाजूला खिडकी आहे. आजोबा बारीक झाले आहेत. पूर्वी मला नावाने हाक मारत, मग ‘ताई’ म्हणू लागले, आता नुसते सरकून जागा करून देतात. तिथे इंटरनेट आहे, कॅमेरेही आहेत, पण लाइन सारखी जाते. ऑफिसातल्या बाई म्हणतात, “या भागात असंच हो काकू, संध्याकाळपर्यंत येईल.” बाबालाही ते ठाऊक आहे. लाइन जाते म्हणून त्यांना घरी न्या, असं कोणी म्हणत नाही.

परवा तिथून तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला होता. रेवा, तू नवा स्वेटर दाखवत होतीस, निमिष मागून जीभ काढत होता, आणि चित्र थांबलं. आवाजही गेला. मी फोन परत घ्यायला हात पुढे केला, पण आजोबांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला होता. ते त्या थांबलेल्या चित्राकडे कौतुकाने बघत होते. कितीतरी वेळ.

“पोरं आज किती शांत बसलीत,” ते म्हणाले.

मी लाइन गेली आहे असं सांगितलं नाही. त्यांच्या शेजारी बसून तुमच्याकडे बघत राहिले.

तुमची,
आजी